आमचं मानूस पान्यात हाय

शिर्डीला दर्शनाला जाताना रस्त्याच्या कडेला एक वॉटर पार्क लागतं. एसटीच्या खिडकीतून आधी त्याच्या नळ्या दिसतात, निळ्या, पिवळ्या, एकमेकींत गुंतलेल्या, आणि मग क्षणभर उन्हात चमकणारं पाणी. दर उन्हाळ्यात आम्ही एकदा शिर्डीला जातो आणि दरवेळी मी त्याच बाजूची खिडकी धरते. बस पुढे गेली तरी माझी मान मागेच वळलेली असते. मालक म्हणतात, "मान अवघडंल." मालक म्हणजे माझा नवरा. आमच्या देवळाली प्रवरेकडे बायका नवऱ्याला असंच म्हणतात; घरात मालकी कुणाची चालते हा निराळा विषय.

ह्या वर्षी मी मान वळवली नाही. उठले आणि कंडक्टरला म्हणाले, "थांबवा, आमाला हितंच उतरायचंय."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "आनि दर्शन?"

"देव काय पळून चाल्लाय? उतरा."

उतरलो. बस गेली आणि धुळीत आम्ही दोघं उभे, हातात भाकरीची पिशवी. मालकांनी कशाला म्हणून विचारलं नाही. त्यांना माहीत होतं, किंवा मला तसं वाटलं.

मला फार वर्षांपासून एक स्वप्न पडतं. मी पाण्यावर उताणी पडलेय, कान पाण्याखाली आहेत. माझं माहेर भंडारदऱ्याच्या खालच्या अंगाला, अकोले तालुक्यात. सासर देवळालीचं. मधे कितीही अंतर असो, नदी एकच, प्रवरा. स्वप्नात मी माहेरच्या डोहातून निघते आणि वाहत वाहत कालव्यात येते, कालव्यातून चारीत, चारीतून आमच्या रानातल्या पाटात. दोन्ही बाजूंनी ऊस माझ्यावर वाकलेला असतो आणि मधून आभाळाची एक चिंधी दिसते. पुढे मालक फावडं घेऊन उभे असतात, पाठमोरे. त्यांनी वळून बघितलं तर मी आमच्या सरीत शिरेन, नाहीतर पाट मला दुसऱ्याच्या रानात घेऊन जाईल. मी हाक मारते. पण कान पाण्याखाली, त्यामुळे माझा आवाज माझा मलाच येत नाही. नेमकी तिथेच जाग येते.

माहेरी मी डोहातच वाढले म्हटलं तरी चालेल. थोरल्या भावानं पाठीला वाळका भोपळा बांधून मला पाण्यात ढकललं आणि स्वतः काठावर बसून जांभळं खात राहिला. दुसऱ्या उन्हाळ्यात भोपळा सुटला. लग्न ठरलं तेव्हा मी डोह या काठापासून त्या काठापर्यंत एका दमात कापत होते, आणि दमले की उताणी पडून राहत होते. कान पाण्याखाली गेले की जगाची कटकट बंद. आईच्या हाकासुद्धा दुसऱ्या गावातून आल्यासारख्या यायच्या. असं सुख मला पुन्हा कशातच मिळालं नाही.

सासरी रानात विहीर होती. चांगली बांधलेली, पायऱ्यांची, पाणी हिरवंगार. मी पहिल्याच उन्हाळ्यात मालकांना म्हणाले, "मला पोहायचंय." त्यांना नवल वाटलं, पण आवडलं असावं, कारण त्यांनी संध्याकाळी आपल्या आईपुढे विषय काढला. सासूबाई वाईट नव्हत्या. मला तूप जास्त वाढायच्या. त्या एवढंच म्हणाल्या, "नगं बाई. काय सांगावं, दिस गेलं आसतील तर?"

मालक खाली मान घालून फावडं घेऊन रानात निघून गेले. विषय संपला.

त्या महिन्यात दिवस गेलेले नव्हते. पुढच्या महिन्यात मी पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच. काय सांगावं. लग्न झालेल्या बाईनं मूल होईपर्यंत जपायचं, अशी पद्धत. विहिरीत उतरायचं नाही, जत्रेतल्या पाळण्यात बसायचं नाही, ट्रॅक्टरवर चढायचं नाही, पपई खायची नाही. माझ्या बरोबरीच्या बायकांना मुलं झाली, त्या मोकळ्या झाल्या. माझी वर्षं जपण्यात चालली. घरात कुणी माझ्यावर आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. नुसतं जपलं. दर महिन्याला नव्यानं जपलं.

मूल आलं नाही. दुःख झालं, खूप झालं, खोटं कशाला बोलू. पण त्या मोठ्या दुःखाच्या आत एक बारकं दुःख होतं आणि ते मी कुणाला सांगू शकत नव्हते. ज्याच्यासाठी मला कोरडं ठेवलं ते आलंच नाही, आणि मी कोरडीच राहिले. त्याच विहिरीत मालक दर उन्हाळ्यात गल्लीतल्या पोरांना पोहायला शिकवायचे. मी काठावर पोरांचे कपडे सांभाळत उभी. पोरगं हातपाय वेडेवाकडे मारायला लागलं की माझेच खांदे हलायचे. सासूबाई गेल्या तेव्हा मी पन्नाशीला आले होते. आता अडवणारं कुणी नव्हतं, पण पन्नाशीची बाई विहिरीत उडी मारतेय म्हटल्यावर सगळं गाव दोर घेऊन धावत आलं असतं.

ह्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले. पहाटे स्वप्नातून जाग आली की हात वर करून बघायची, खांदा कितीसा वळतोय. वाटायला लागलं, अजून एकदोन उन्हाळे असेच गेले तर अंग पाणी विसरून जाईल. की विसरलंच आहे? ते मला एकदा बघायचं होतं. एवढंच.

आत शिरलो आणि माझा जीवच दडपला. मे महिना, शाळांना सुट्टी. अख्ख्या जिल्ह्यातली पोरं तिथं आणून ओतली होती जणू. तिकिटाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, मुलं किती?"

"मुलं न्हाईत."

"म्हणजे नातवंडं मागून येतायत का?"

"न्हाई बाई. आमी दोघंच."

तिनं आमच्या पाठीमागे वाकून पाहिलं, एखादं पोर लपलं असेल तर दिसावं म्हणून. मग म्हणाली, "बसायला सावलीत बाकडी आहेत." मी म्हणाले, "बसायला घरी वसरी हाय. मला पान्यात जायचंय." तिला हसू आलं, पण चांगलं हसू होतं. साडी नेसून पाण्यात सोडत नव्हते. तिनं मला भाड्याचा नायलॉनचा पोशाख दिला, गुडघ्याखाली येणारी काळी विजार आणि वर पोपटाचं चित्र असलेला सदरा. जन्मात पहिल्यांदा मी असलं काही अंगात घातलं. बाहेर आले तेव्हा वाटलं, आता मालक हसतील. ते पोपटाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "झ्याक दिसतंय." मला की पोपटाला, ते विचारायचं मी टाळलं. त्यांना पोशाख नको होता. पायजमा, सदरा, डोक्यावर टोपी. "मी काठाला बसतो," म्हणाले.

लाटांचा हौद होता, त्यात आधी गेले. पाणी असं दिसतच नव्हतं. नुसती डोकी. मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहिले तर एका बाजूनं कोपर, दुसऱ्या बाजूनं कुणाचा तरी बॉल. हात पसरायलाही जागा नाही, पोहणं तर लांबच. भोंगा वाजला, लाटा सुटल्या आणि गर्दीनं मला उचलून जिथून आले तिथंच आणून ठेवलं.

मग ती गोल नदी. सिमेंटची चारीच म्हणा ना, पाच-सहा हात रुंद, छातीइतकं पाणी, आणि ते आपलंआपण वाहत होतं. हळूहळू, वळणं घेत, दोन पुलांखालून. वरून त्या निळ्या-पिवळ्या नळ्या गेलेल्या, त्यांची सावली पाण्यावर. मी बघतच राहिले. माझं स्वप्न कुणीतरी सिमेंटमधे बांधून ठेवलं होतं. फक्त त्यात काठोकाठ माणसं होती. रबरी ट्यूबांमधे बसलेली, एकमेकांना चिकटलेली, गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर बैलगाड्या लागतात तशी. बोट घालायला जागा नव्हती.

परत बाकड्यावर आले. इकडे निराळाच प्रकार. सावलीत बसलेलं म्हातारं जोडपं बघून लोक सामान आणून ठेवत होते. "आजोबा, जरा बघता का?" एवढं म्हणायचं आणि पळायचं. मालकांनी आजवर कुणाच्या शब्दाला नाही म्हटलेलं नाही. पिशव्या, चपला, मोबाईल, एका बाईची दुधाची बाटलीसुद्धा. आमच्या बाकड्याचं एसटी स्टँड झालं होतं आणि मालक मधोमध ताठ बसले होते, ऊस राखायला बसल्यासारखे.

"तुमाला दुसरा उद्योग न्हाई का?" मी म्हणाले.

"इश्वासानं दिलंय लोकांनी."

मी पण बसले, पोपटावर टॉवेल गुंडाळून. समोरून आया पोरांना घेऊन जात होत्या, ओल्या अंगांची पोरं, ओठ निळे पडलेली, तरी पुन्हा पाण्यात जायला रडणारी. एक आई म्हणत होती, आता पुरे. पोर म्हणत होतं, एकदाच. मला एकदम भरून आलं. आपल्याला पोर असतं तर आपण त्याला काय म्हणालो असतो, आणि त्या पोरामागे आपण तरी पाण्यात उतरलो असतो का, असं काहीबाही. मी मुद्दाम रागानं म्हणाले, "चला. दर्शन तरी घिऊ. हितं काय न्हाई आपलं."

मालक जागचे हलले नाहीत. ते त्या गोल नदीकडे बघत होते. थोड्या वेळानं उठले, सामान माझ्यावर सोपवलं आणि नदीच्या कडेकडेनं चालत गेले. पुलावर थांबले, वाकून पाहिलं, पुन्हा चालले. सगळा फेरा घालून आले. चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"कुठंच जात न्हाई पानी," ते म्हणाले. "मला वाटलं, फुडं बागंला दिलं आसंल. फिरून तिथंच येतंय."

त्यांना त्याचं खरंच वाईट वाटलं होतं. ज्या माणसाचं निम्मं आयुष्य पाणी कुठं न्यायचं यातच गेलं, त्याला हे कसं पटावं? आमच्याकडे उसाला पाणी भरताना पाटाच्या तोंडाशी उभं राहतात. एक सरी भरली की माती ओढून तिचं तोंड बुजवायचं, पुढच्या सरीचं फोडायचं. त्याला दारं धरणं म्हणतात. मालकांसारखं दारं धरणारा पंचक्रोशीत नाही. पाट कितीही जोरात असू दे, ते पाय रोवून उभे राहिले की पाणी त्यांचं ऐकतं.

ते पुन्हा बसले. भाकरी काढली, आम्ही दोघांनी खाल्ली. ऊन कलायला लागलं होतं. पाण्याचा, पोरांचा, गाण्यांचा असा एकच गुंगवणारा आवाज, त्यात माझा डोळा लागला असावा. मालकांच्या आवाजानं जागी झाले.

"ऊठ," ते म्हणाले. "आता भोंगा व्हईल."

"मग?"

"भोंगा झाला का समदी लाटांकडं पळत्यात. ही नदी मोकळी व्हतीय. लई न्हाई, थोडा टाईम. दुपारपून बघतोय मी. तू त्या पुलाखालनं उतर. तुझी बारी आली."

कालव्याच्या आवर्तनात पाण्याला आपला नंबर लागला की म्हणतात तशा आवाजात ते म्हणाले.

"आनि ह्या पिशव्या?"

"मरू दे पिशव्या."

चाळीसच्या वर वर्षं संसार केला, पण त्यांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात भोंगा झालाच. आणि खरंच, सगळी नदी उठून पळाली. ट्यूबा टाकून पोरं, पोरांमागं आया. मी पुलाखाली गेले, पायऱ्या उतरले. पाणी पोटऱ्यांना, मांड्यांना, कमरेला लागलं. थंड होतं. मी कठडा सोडेना. डोक्यात एकच, बुडाले तर छातीभर पाण्यात बुडालेली बाई म्हणून देवळालीत नाव होईल.

मग पाय उचलले.

काही करावं लागलं नाही. पाण्यानं पाठीखाली हात घातला. कान बुडाले आणि गाणी, पोरं, भोंगा, सगळं दुसऱ्या गावाला गेलं. वर निळ्या नळ्या, पिवळ्या नळ्या, माझ्यावर वाकलेल्या, मधून आभाळाची चिंधी. मी चालले होते. माझं वय, गुडघे, पोपट, कशाचंच वजन नव्हतं. एका वळणावर मी कुशीवर झाले आणि हात आपसूक पुढे गेला. मग दुसरा. खांदा करकरला, पण वळला. चार हात मारले, पाच मारले, पाणी कापत गेले. अंग विसरलं नव्हतं. मी विसरले होते, अंग नाही. मला रडू आलं आणि पोहताना रडण्याची सोय बरी असते.

पुढच्या पुलापाशी मी कठडा धरून मागे पाहिलं.

मालक पाण्यात उभे होते. पायजम्यासकट, सदऱ्यासकट, डोक्यावर टोपी. नदी जिथं अरुंद होते तिथं पाय रोवून, दोन्ही हात फाकवून, माझ्याकडे पाठ करून. त्यांच्यापुढे पाच-सहा ट्यूबा तुंबल्या होत्या आणि त्यांत बसलेली कॉलेजची पोरं ओरडत होती, "आजोबा, काय झालं? जाऊ द्या की!"

"थांबा जरा," मालक म्हणत होते. "आमचं मानूस पान्यात हाय."

"आम्ही पण पाण्यातच आहोत!"

"तुमी रोज ऱ्हाता."

काठावरचा शिट्टीवाला शिट्टी मारत पळत येत होता. मालक हलले नाहीत. समोरून पाणी रेटत होतं, ट्यूबा रेटत होत्या, एकीला त्यांनी गुडघ्यानं अडवलं होतं. तीच पाठ. स्वप्नातली. मी सगळा दम एकवटून हाक मारली, "अहो!"

ह्या वेळी आवाज आला. मला आला, त्यांनाही आला. त्यांनी वळून बघितलं.

वळले आणि दारं फुटलं. सगळ्या ट्यूबा त्यांच्या दोन्ही बाजूंनी सुटल्या, त्यांची टोपी वाहत निघाली आणि ती पोरं हसत-ओरडत माझ्या अंगावरून पुढे गेली. एकानं जाता जाता टोपी माझ्या हातात दिली. शिट्टीवाला मालकांना सांगत होता, कपडे घालून पाण्यात यायला परवानगी नाही, कुणाला अडवायला तर मुळीच नाही. "व्हय, व्हय, चुकलं," मालक म्हणत होते आणि माझ्याकडे बघून हसत होते. भिजलेलं टक्कल चमकत होतं. एवढा देखणा माणूस मी कधी पाहिला नव्हता.

पिशव्या जागेवरच होत्या. कुणी काही नेलं नव्हतं. दुधाच्या बाटलीवाली बाई मात्र आमच्यावर जरा रागावली.

दर्शन राहिलंच. परतीच्या बसमधे खिडकीशी मी बसले. केस ओले, नायलॉनचा वास अजून अंगाला. मालकांचा पायजमा वाळून कडक झाला होता. कोल्हारला पुलावरून प्रवरा दिसली, उन्हाळ्यातली बारीक. मालक तिकडेच बघत होते. बघता बघता म्हणाले, "तवाच धराय पायजे हुतं."

"काय?"

"दारं. आईच्या म्होरं."

आधी राग आला, सणसणून. सगळं आयुष्य गेल्यावर हे सांगतात. वाटलं, म्हणावं, मग कुठं होतात? पण कुठं होते ते मला माहीत होतं. पाठमोरे, फावडं घेऊन, उसात. माझ्याइतकेच एकटे. त्यांनाही मूल हवं होतं आणि तेही दर महिन्याला काय सांगावं म्हणत जगत होते. राग होता तसाच राहिला, फक्त त्याच्या शेजारी माया येऊन बसली. मी त्यांचा हात घेतला. फावड्यानं घट्टे पडलेला होता.

मग विचारलं, "आपल्या हिरीत पानी हाय का?"

"हाय की. बक्कळ हाय."

"उंद्या सकाळी उतरते मी. तुमी काठाला थांबा."

"उंद्या?" ते घुटमळले. "उंद्या शेतीची लाईट दिवसाची हाय. हिरीवरली मोटर चालू ठिवावी लागंल. ऊस पान्याला आलाय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मोटर चालू असताना विहिरीत उतरता येत नाही, आणि लाईट असताना ह्या माणसानं मोटर बंद ठेवल्याचं मला आठवत नाही. सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा ती चालू होती.

"मोटर बंद ठिवा," मी म्हणाले.

ते बाहेर बघत राहिले. दोन्ही बाजूंना ऊसच होता, संध्याकाळचा, काळपट हिरवा. देवळालीचा फाटा जवळ आला, तसे ते पिशवी घेऊन उठले आणि मला उठायला हात दिला.

"ठिवतो," म्हणाले.